फॅमिली स्पॉन्सरशिपची फाईल अडकलीय? तिच्यावरचे शेरे असे मागवा

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, तळा, रोहा या पट्ट्यात असं मुस्लिम घर शोधून सापडणं कठीण, ज्याचं कुणीच परदेशात नाही. आधी जहाज आणि आफ्रिका, मग कुवेत-सौदी, आणि गेल्या काही वर्षांत इंग्लंड-कॅनडा. गल्फला गेलेला माणूस दर एक-दोन वर्षांनी घरी यायचा, बायको-मुलं गावीच राहायची. कॅनडाचं तसं नाही. मुलगा तिथे पर्मनंट रेसिडेंट होतो, गावी येऊन निकाह करतो, तीन-चार आठवड्यांनी परत जातो आणि बायकोची स्पॉन्सरशिप टाकतो. मग सुरू होते वाट बघणं. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याने, म्हणजे आयआरसीसीने, जोडीदाराच्या अर्जासाठी १२ महिन्यांचं मान ठेवलेलं आहे. तरी वर्ष उलटतं, ऑनलाइन खात्यावर ‘इन प्रोग्रेस’ हे दोनच शब्द दिसतात आणि सासरचे, माहेरचे, शेजारचे रोज विचारतात, “काय झालं गं तुझ्या पेपरचं?”

अशा वेळी कुणीतरी भेटतो आणि सांगतो, “माझी आत ओळख आहे, फाईलची खबर काढून देतो.” त्यासाठी हजारो रुपये मागितले जातात. अशी ओळख लागत नाही. फाईलवर अधिकाऱ्याने काय लिहून ठेवलं आहे ते मागण्याचा हक्क कायद्याने आपल्याला आहे. त्याची फी एका मार्गाने ५ कॅनेडियन डॉलर आहे आणि दुसऱ्या मार्गाने काहीच नाही. आपली माणसं याबद्दल सारखी विचारत असतात, म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

हे शेरे म्हणजे काय

आपल्या तहसील कचेरीत फाईलवर बाबू शेरा मारतात ना, त्यातलाच हा प्रकार. कॅनडात सगळे इमिग्रेशन अर्ज ग्लोबल केस मॅनेजमेंट सिस्टिम नावाच्या एका संगणक प्रणालीत असतात. फाईल कुणी उघडली, कधी उघडली, कोणता कागद आला, कशावर शंका आली, पुढे काय करायचं ठरलं, हे तारखेसकट तिथे नोंदलेलं असतं. त्याचीच छापील प्रत म्हणजे ‘जीसीएमएस नोट्स’. ऑनलाइन खात्यावर जे दिसत नाही ते इथे दिसतं.

कॅनडाचे दोन कायदे यासाठी आहेत, अ‍ॅक्सेस टू इन्फर्मेशन अ‍ॅक्ट आणि प्रायव्हसी अ‍ॅक्ट. दोन्ही १९८३ पासून लागू आहेत. पहिल्या कायद्याखाली कॅनडाचा नागरिक, पर्मनंट रेसिडेंट किंवा त्या वेळी कॅनडात असलेला कुणीही माणूस अर्ज करू शकतो. फी ५ डॉलर, कार्डाने भरायची. दुसऱ्या कायद्याखाली माणूस स्वतःचीच माहिती मागतो आणि तिथे फी नाही.

एक बदल अजून पुष्कळांना माहीत नाही. पूर्वी प्रायव्हसी अ‍ॅक्टचा हा हक्क कॅनडाबाहेर बसलेल्या परदेशी माणसाला नव्हता. १३ जुलै २०२२ पासून तो मिळाला आहे. म्हणजे म्हसळ्यात बसलेली सून स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मोबाईलवरून, एक पैसा न देता स्वतःच्या फाईलची माहिती मागू शकते. जुन्या व्हिडिओंत अजून सांगतात की कॅनडातला माणूस लागतोच. ते आता खरं राहिलेलं नाही.

मागायचं कसं

अर्ज आयआरसीसीच्या संकेतस्थळावरच्या माहिती-मागणीच्या ऑनलाइन पोर्टलवरून करायचा. हाताशी ठेवायचं ते असं: अर्ज क्रमांक, जो परदेशातून केलेल्या फॅमिली अर्जात बहुधा इंग्रजी ‘एफ’ अक्षराने सुरू होतो, आठ किंवा दहा आकडी क्लायंट क्रमांक, ज्याला यूसीआय म्हणतात, पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव आणि जन्मतारीख, आणि ओळखीच्या कागदाची स्कॅन प्रत.

नवरा कॅनडातून बायकोची फाईल मागत असेल तर तिची लेखी संमती लागते. त्यासाठी आयएमएम ५७४४ नावाचा फॉर्म आहे. स्पॉन्सर आहे म्हणून तिची माहिती आपोआप त्याला मिळत नाही. उलटही तसंच. बायकोने एकटीने मागितलं तर स्पॉन्सरच्या कमाईबद्दल, त्याच्या आधीच्या लग्नाबद्दल लिहिलेला भाग काळा करून येतो. म्हणून जमेल तिथे दोघांच्या सह्यांचे संमती फॉर्म लावूनच मागणी करावी. निकाहाला दोघांची कबुली लागली, इथेही लागते. सही पासपोर्टवर आहे तशीच करावी. इथल्या मुली लग्नानंतर सही बदलतात आणि मग अर्ज परत येतो.

काय मागायचं ते नेमकं लिहावं. नुसतं ‘माय फाईल’ लिहिलं तर काय मिळेल याचा नेम नाही. अर्ज क्रमांक देऊन त्या अर्जाच्या संपूर्ण जीसीएमएस नोट्स, अधिकाऱ्यांचे शेरे, पाठवलेली-आलेली पत्रं आणि जोडलेले इलेक्ट्रॉनिक कागद असं स्पष्ट मागावं. पूर्वी त्याच माणसाचा कॅनडाचा व्हिजिटर किंवा स्टुडंट व्हिसा झाला असेल, मिळाला असो की नाकारला असो, तर त्या अर्जाचेही शेरे त्याच वेळी मागावेत. हे का, ते खाली येईल.

उत्तराची मुदत ३० दिवस. खातं ती वाढवू शकतं, पण तसं कळवावं लागतं. मुदत टळली किंवा जास्तच काळं करून पाठवलं, तर पहिल्या कायद्यातल्या मागणीसाठी कॅनडाच्या इन्फर्मेशन कमिशनरकडे ६० दिवसांत तक्रार करता येते. प्रायव्हसी अ‍ॅक्टच्या मागणीची तक्रार प्रायव्हसी कमिशनरकडे जाते. तक्रारीला पैसे पडत नाहीत. आयआरसीसीकडे वर्षाला एक लाखाहून जास्त अशा मागण्या जातात आणि त्यातल्या बहुतेक अशाच ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ विचारणाऱ्या असतात. इन्फर्मेशन कमिशनरने २०२१ मध्ये या खात्यावर वेगळा अहवाल काढला, त्याचं मूळ कारणही हेच. थोडक्यात, मागितलं म्हणून खात्याचा रोष होईल ही भीती मनातून काढून टाका.

मात्र शेरे मागितल्याने फाईल पुढे सरकत नाही. ज्या दिवशी मागणी पोहोचली साधारण त्या दिवसापर्यंतचं चित्र मिळतं, एवढंच. दर महिन्याला मागवणारे लोक आहेत. त्याने फक्त काळजी वाढते. अर्ज दाखल होऊन पाच-सहा महिने काही हालचाल दिसली नाही, खात्याने शंकेचं पत्र पाठवलं किंवा अर्ज नाकारला गेला, या तीन वेळा आम्हाला मागवण्याजोग्या वाटतात.

वाचायचं कसं

पीडीएफ येते, इंग्रजीत, कधी पंचवीस पानं तर कधी शंभर. निम्मी पानं कोऱ्या रकान्यांची असतात. घाबरू नका. सगळ्यात आधी एलिजिबिलिटी, क्रिमिनॅलिटी, सिक्युरिटी आणि मेडिकल हे चार शब्द शोधा. प्रत्येकासमोर स्थिती लिहिलेली असते: सुरूच झालं नाही, चालू आहे, पुन्हा बघायचं आहे किंवा पास. फाईल कुठे बसली आहे ते या चार ओळींतून कळतं.

मेडिकल पास पण जुनं झालं असेल तर समजावं की पुन्हा बोलावणं येऊ शकतं, कारण तपासणी १२ महिनेच चालते. सिक्युरिटीसमोर बराच काळ ‘चालू’ दिसत असेल तर कागद तिथल्या बॉर्डर एजन्सीकडे तपासाला गेलेला असतो आणि तो भाग बहुधा काळा असतो. काळ्या भागाशेजारी कलम छापलेलं असतं. १९(१) म्हणजे दुसऱ्या व्यक्तीची माहिती, १५(१) म्हणजे परराष्ट्र संबंध आणि संरक्षण, १६(१)(सी) म्हणजे कायदा-अंमलबजावणीचं काम. १५ किंवा १६ दिसलं की ‘आपला माणूस संशयित’ असा अर्थ लगेच काढू नये. नेहमीच्या तपासातही ही कलमं लागतात.

आपल्या भागातल्या फाईली पुष्कळदा अडतात त्या पोलिस दाखल्यावर. गेल्या १० वर्षांत, वयाच्या १८ नंतर, ज्या ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहणं झालं त्या प्रत्येक देशाचा दाखला कॅनडा मागतं. कुवेत किंवा सौदीतून फायनल एक्झिट मारून आलेल्या माणसाला तिथला दाखला इथे बसून काढणं दमवणारं काम आहे. शेऱ्यात ‘पीसीसी आउटस्टँडिंग’ दिसलं तर वाट बघत बसू नका. दाखल्यासाठी अर्ज केल्याची पावती आणि उशिराचं कारण लगेच कळवा.

मग येतात अधिकाऱ्याच्या स्वतःच्या ओळी. त्यात ‘पीए’ म्हणजे मुख्य अर्जदार, ‘एसपीआर’ म्हणजे स्पॉन्सर, ‘बीएफ’ म्हणजे फाईल पुन्हा बघायची तारीख, ‘पीएफएल’ म्हणजे शंका कळवून खुलासा मागणारं पत्र. ‘आर ४’ दिसलं की सावध व्हा. लग्न खरं नाही किंवा मुख्यतः इमिग्रेशनसाठी केलं आहे, अशी शंका घेणारं हे कलम. ‘ए ४०’ त्याहून जड. त्याचा अर्थ खोटी माहिती दिल्याचा संशय, आणि ते ठरलं तर पाच वर्षांची बंदी.

ए ४० आपल्याकडे कुठून येतं? बऱ्याचदा जुन्या व्हिजिटर व्हिसाच्या अर्जातून. एजंटने नोकरी फुगवली, बँकेचा कागद भलताच लावला, आधीचा नकार लपवला, आणि अर्जदाराने नुसती सही केली. ते सगळं त्याच यूसीआय क्रमांकाखाली जपून ठेवलेलं असतं. आज पत्नी म्हणून खरी माहिती दिली की दोन्ही कागद जुळत नाहीत. म्हणून वर जुने शेरेही मागा म्हटलं. आपल्या नावावर काय लिहून ठेवलं आहे हे आपल्याला अधिकाऱ्याच्या आधी कळलेलं बरं.

नावांचंही तसंच. शाळेच्या दाखल्यावर महंमद, पासपोर्टवर मोहम्मद, निकाहनाम्यावर मुहम्मद. एका कागदावर खतिजा, दुसऱ्यावर खदीजा. आपल्याला तो एकच माणूस, ऑटवामध्ये ते तीन. शेऱ्यात ‘नेम डिस्क्रिपन्सी’ आली तर एकाच व्यक्तीची ही नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि जोडीला दोन जुने कागद द्यावेत. निकाहनामा उर्दूत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर बाहेरच्या भाषांतरकाराकडून करून त्याचं प्रतिज्ञापत्र लावावं लागतं. घरातल्या शिकलेल्या मुलाने केलेलं भाषांतर चालत नाही, ते कितीही अचूक असलं तरी.

कधी शेऱ्यात असं दिसतं की कुणीतरी निनावी पत्र टाकलं आहे. गावात हेवेदावे असतातच, लपवण्यात अर्थ नाही. पत्र टाकणाऱ्याचं नाव मिळणार नाही. ते कोण याच्या चौकशीत दिवस घालवू नका. अधिकारी त्या पत्राच्या आधारे नकार देणार असेल तर त्यातला आरोप सांगून खुलाशाची संधी देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. ती संधी नीट वापरा.

निकाहाबद्दलचे शेरे

इथे आपल्या रिवाजाची आणि त्यांच्या नियमाची गाठ पडते, म्हणून जरा सविस्तर.

११ जून २०१५ पासून कॅनडा स्पॉन्सरशिपसाठी फोन, फॅक्स, इंटरनेट किंवा प्रतिनिधीमार्फत झालेलं लग्न मानत नाही. दोघंही निकाहाला प्रत्यक्ष हजर हवेत. वर टोरंटोत, काझी आणि वकील श्रीवर्धनला, मधे व्हिडिओ कॉल, असा निकाह त्या खात्याच्या लेखी नाही. नंतर इथे त्याची नोंदणी केली तरी मूळ दोष जात नाही. शेऱ्यात ‘प्रॉक्सी’ शब्द असेल आणि ते खरंच तसं झालं असेल, तर वाद घालण्यात वेळ जातो. वराने येऊन, दोघं हजर असताना पुन्हा लग्न करून त्या नव्या तारखेवर अर्ज करणं हा सरळ रस्ता आहे.

पण एक फरक अधिकाऱ्याला समजावून द्यावा लागतो. आपल्याकडे नवरी आतल्या खोलीत असते. वकील आणि दोन गवाह जाऊन तिची कबुली घेतात आणि बाहेर मजलिसीत काझींना सांगतात. फॉर्मवर कुणी नुसतं ‘थ्रू वकील’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं की नवरी तिथे नव्हतीच. ती त्याच घरात, त्याच कार्यक्रमात होती, हे लिहून द्या. जमातीचं किंवा काझींचं पत्र, वकील-गवाहांची प्रतिज्ञापत्रं, वेळ दिसणारे फोटो लावा. परद्यामुळे नवरीचे फोटो काढले नसतील तर तेही लिहा. न लिहिलेल्या गोष्टीचा अर्थ अधिकारी आपल्या मनाने लावतो.

‘आर ४’च्या ओळींत आणखी काय सापडतं? निकाह साधा, पाहुणे थोडे, एकमेकांना भेटणं कमी, निकाहानंतर नवरा लगेच परत गेला. आपल्याकडे साधा निकाह ही चांगली गोष्ट. तिथे तीच संशयाची ठरते. पैसे हातोहात पाठवले तर पुरावा राहत नाही, बँकेतून पाठवले तर राहतो. कॉलची यादी, पुढच्या भेटींचे बोर्डिंग पास, सासू-सुनेचे एकत्र फोटो यांनी फाईल भरते. चुलत-मामे भावंडांचा निकाह असेल तर लपवू नका. कॅनडाच्या कायद्यात त्याला बंदी नाही.

आधीचा निकाह झालेला असेल तर तो कसा संपला याचा कागद हवाच, मग तलाकनामा असो, खुला असो की कोर्टाचा हुकूम. आणि लग्नाच्या वेळी दोघांपैकी कुणाचा आधीचा निकाह चालू असेल तर त्या दुसऱ्या लग्नावर स्पॉन्सरशिप होत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. हबसाणातले, म्हणजे जंजिरा संस्थानातले आपले लोक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केप टाउनला जात, तेव्हा परवान्यांच्या फाईली तिथेही बनत. मार्च १९१३ मध्ये केपच्या न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की ज्या धर्मात एकाहून जास्त बायकांना मुभा आहे त्या रीतीचं लग्न तिथला कायदा मानणार नाही. बाई मरियम नावाच्या मुस्लिम पत्नीला नवऱ्याकडे उतरू दिलं नाही, त्यावरून तो खटला झाला होता. गांधीजींच्या त्या वर्षीच्या सत्याग्रहात हा एक मोठा मुद्दा होता आणि १९१४ च्या कायद्याने त्यात सवलत मिळाली. उमा धुपेलिया-मेस्त्री या इतिहासकार बाईंनी केपच्या त्या परवाना-पद्धतीवर जुन्या इमिग्रेशन फाईली वाचून लिहिलं आहे. त्या काळच्या माणसाला आपल्याबद्दल काय लिहिलं गेलं ते कळायची सोय नव्हती.

नकार आला असेल तर आधी तारीख बघा

इथे बरीच कुटुंबं फसतात. पती-पत्नीची स्पॉन्सरशिप नाकारली तर स्पॉन्सरला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करता येतं आणि मुदत ३० दिवसांची आहे. शेरे मिळायलाही ३० दिवस लागतात, बऱ्याचदा जास्तच. ‘आधी नोट्स येऊ देत, मग बघू’ म्हणून थांबलेल्याचं अपील हातातून जातं. अपिलाची नोटीस आधी टाका आणि शेरे त्याच दिवशी मागवा. अपिलात खात्याला फाईलचं रेकॉर्ड तसंही द्यावं लागतं. जिथे अपील नाही, उदाहरणार्थ व्हिजिटर व्हिसा, तिथे फेडरल कोर्टात जायची मुदत कॅनडाबाहेरच्या निर्णयाला ६० दिवस आहे. जुलै २०२५ पासून व्हिजिटर, स्टुडंट, वर्क अशा काही तात्पुरत्या अर्जांच्या नकारपत्रासोबत अधिकाऱ्याचे शेरे खातं आपणहून जोडू लागलं आहे. फॅमिली स्पॉन्सरशिपला ही सोय नाही, मागावेच लागतात.

शेरे मागायला वकील लागत नाही. आर ४ किंवा ए ४० ला उत्तर द्यायला मात्र जाणकार माणूस घ्यावा. तो वकील नसेल तर कॅनडाच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत त्याचं नाव आहे का ते आधी तपासा. यादी ऑनलाइन खुली आहे, पाच मिनिटांचं काम.

इतर देश आणि आपलं माहिती अधिकार

इंग्लंडमध्ये होम ऑफिसकडे स्वतःची माहिती मागता येते. त्याला सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट म्हणतात, फी नाही, मुदत एक महिना. गुंतागुंतीची मागणी असेल तर आणखी दोन महिने घेऊ शकतात. बायकोचा व्हिसा नाकारला तर परदेशातून अपिलाची मुदत २८ दिवस, म्हणजे तिथेही तोच इशारा. अमेरिकेत यूएससीआयएसकडची फाईल मागता येते, पण कॉन्सुलेटमध्ये व्हिसा अधिकाऱ्याने लिहिलेलं कायद्यानेच गोपनीय आहे, त्यामुळे मुंबईच्या मुलाखतीचे शेरे मिळतील या आशेवर कुणाला पैसे देऊ नका. दक्षिण आफ्रिकेत २००० सालचा माहितीचा कायदा आहे, मुदत ३० दिवस.

कधी परदेशी फाईलवरची शंका इथल्याच कागदामुळे असते. पासपोर्टच्या पोलिस पडताळणीत काय लिहिलं गेलं, ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत तारीख कशी बदलली, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतं. फाईलवरचे शेरे ही सुद्धा माहितीच आहे, असं केंद्रीय माहिती आयोगाने २००६ मध्येच सांगितलं आहे. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. केंद्राच्या खात्यांसाठी अर्ज ऑनलाइन होतो; राज्याच्या कचेरीत कागदावर दिला तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत ठेवायचा असतो, म्हणून पासपोर्टचा आणि जन्मनोंदीचा अर्ज वेगवेगळा करावा, आणि पोचपावतीवर शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून निघू नये.